आमची वाटचाल : अपघाताचा दावा आणि घरातला वाद

वकिलाला स्वतःची जाहिरात करता येत नाही, बार कौन्सिलचा तसा नियमच आहे. त्यामुळे किती दावे जिंकले वगैरे आकडे इथे मिळणार नाहीत. दादरच्या एका जुन्या इमारतीत, पोटमाळ्यावर सुरू झालेलं आमचं ऑफिस आज जे काम करतं ते तसं का झालं, एवढंच सांगते.

सुरुवात फक्त अपघाताच्या दाव्यांनी झाली, त्यातही लोकलच्या. गाडीतून पडून माणूस गेला की घरचे दिवसकार्य उरकून यायचे आणि पहिला प्रश्न ठरलेला असायचा : "मॅडम, खिशात तिकीट सापडलं नाही, म्हणजे काहीच मिळणार नाही का?" तसं नाही. तिकीट सापडलं नाही एवढ्यावरच दावा फेटाळता येत नाही, हे सर्वोच्च न्यायालयानं रिना देवी प्रकरणात २०१८ मध्ये स्पष्ट केलं आहे. तो प्रवासी होता हे घरच्यांनी प्रतिज्ञापत्रावर सांगायचं, मग ते खोडून काढायची जबाबदारी रेल्वेवर येते. पण रूळ ओलांडताना गाडीनं उडवलं असेल तर ही भरपाई मिळत नाही. म्हणून स्टेशन मास्तरांचा मेमो आणि रेल्वे पोलिसांचा पंचनामा आधी वाचायचा, वकीलपत्र नंतर. वाईट बातमी पहिल्याच भेटीत दिलेली बरी.

खरा गुंता दिसायचा तो भरपाई मंजूर होण्याच्या सुमारास. मृत्यूसाठी रेल्वेची भरपाई २०१७ पासून आठ लाख आहे. अर्जावर सासू-सुनेनं शेजारी बसून सह्या केलेल्या असत, आणि वाटपाची तारीख जवळ आली की दोघी वेगवेगळ्या वेळी येऊ लागत. सासू म्हणे, पैसा माझ्या लेकाच्या जिवाचा आहे. सुनेला माहेरी जायचं असे, कधी पुन्हा लग्न करायचं असे, आणि "मग तिचा काय हक्क?" असं कुणीतरी चुलत दीर विचारी. (असा एक दीर प्रत्येक घरात निघतो.) अवलंबून असलेल्या आईचा हिस्सा असतोच, पण रस्ता अपघाताच्या दाव्यात पुनर्विवाह केला म्हणून विधवेचा हक्क जात नाही, हे मुंबई उच्च न्यायालयानं २०२३ मध्ये सांगितलंय.

कौटुंबिक प्रकरणं आमच्याकडे अशी आली, याच फायलींतून. मग मुलांचा ताबा आला, पोटगी आली, वांद्र्याचं कुटुंब न्यायालय आलं. तिथे वकिलाला उभं राहायलाही न्यायालयाची परवानगी लागते आणि समुपदेशकाचीही भूमिका असते. मला हे रास्त वाटतं, माझ्या काही वकील मित्रांना नाही. पोटगीच्या अर्जात २०२० पासून दोघांनाही उत्पन्न आणि मालमत्तेचं प्रतिज्ञापत्र द्यावं लागतं. पगार कमी दाखवून कर्जाचे हप्ते मात्र जाड भरणारे तिथे पकडले जातात, म्हणून पगाराच्या स्लिपपेक्षा बँकेचं पासबुक आम्ही आधी मागतो.

रस्त्यावरच्या अपघाताचं काम आता घाईचं झालंय. एप्रिल २०२२ पासून दाव्याला सहा महिन्यांची मुदत आली. तिला न्यायालयात आव्हान दिलं गेलंय, पण त्या भरवशावर आम्ही कुणाला थांबवत नाही. लोक प्लास्टर निघेपर्यंत वाट बघतात, तोवर निम्मी मुदत संपते. तेवढ्यात हॉस्पिटलच्या दारात "टक्क्यावर केस घेतो" म्हणणारा भेटलेला असतो. भरपाईतला हिस्सा फी म्हणून घेणं वकिलाला मना आहे. आम्ही फी आधी ठरवतो, हप्त्यानं घेतो.

आणि आता अर्ज लिहितानाच वाटपाचं बोलून घेतो. सासूशी वेगळं, सुनेशी वेगळं, मग दोघींना समोर बसवून. अल्पवयीन मुलांचा हिस्सा मुदत ठेवीत ठेवायची विनंतीही करतो. तरीही वाद पेटलाच तर एकीचे वकील होऊन दुसरीशी भांडत नाही, दोघींनाही दुसरे वकील बघायला सांगतो. फी बुडते, टायपिस्ट कुरकुरतो.