नोआचे तारू

१३ जून, रात्री. निशी-कासाई, टोक्यो

आजच्या तारखेला मी दर वर्षी टोक्योतल्या निप्पॉन बुदोकान सभागृहातला १ मार्च २००३ चा मिसावा–कोबाशी हा व्यावसायिक कुस्तीचा सामना लावून बसतो. त्यात मित्सुहारु मिसावा हे केंता कोबाशी यांचे दोन्ही हात मागून अडकवतात आणि रिंगकडे येणाऱ्या उंच मार्गावरून त्यांना थेट खाली सभागृहाच्या जमिनीवर फेकतात. तो क्षण आला की माझा हात आपोआप तोंडावर जातो. कोबाशी उठतात आणि शेवटी तेच जिंकतात. पूर्वी मला त्या उठण्याचेच कौतुक वाटे. आता लक्ष दोघांच्याही मानांकडे जाते, कारण अशा फेकीत फेकणाराही पडतोच. निकाल आधी ठरलेला असतो म्हणून या कुस्तीला हसणारे माझ्या कचेरीतही आहेत. पण आपटणे ठरवून खोटे करता येत नाही, हे त्यांना कधीतरी रिंगजवळ बसवून ऐकवायला हवे.

मिसावा यांनी २००० साली ‘प्रो रेसलिंग नोआ’ ही कुस्ती कंपनी काढली, तेव्हा त्यांच्या जुन्या ‘ऑल जपान’ कंपनीचे बहुतेक सारे जपानी मल्ल त्यांच्यामागे गेले. मागे राहिले ते कावादा आणि फुची हे दोघेच. ऑल जपानचे संस्थापक जायंट बाबा यांच्या निधनानंतर तिथले अध्यक्षपद मिसावांकडे आले होते, पण मालकी बाबांच्या पत्नीकडे होती आणि दोघांचे पटले नाही. बुडत्या जगातून आपली माणसे वाचवणाऱ्या नोहाच्या तारवावरून नव्या कंपनीचे नाव पडले. पहिली चारपाच वर्षे तारू खरोखर भरधाव होते: २००४ आणि २००५ मध्ये तर टोक्यो डोम या प्रचंड स्टेडियममध्ये कार्यक्रम झाले.

ओहोटी लागली तेव्हा अध्यक्ष स्वतः रिंगमध्येच होते, आणि मला वाटते, घोटाळा तिथेच आहे. मार्च २००९ मध्ये निप्पॉन टीव्हीने नियमित प्रक्षेपण थांबवले. तिकिटे खपवायची तर फलकावर मिसावा हे नाव हवे, आणि ते नाव लावायचे तर सेहेचाळीस वर्षांची, वर्षानुवर्षे आपटून झिजलेली मान पुन्हा पणाला लावायची. १३ जून २००९ ला हिरोशिमात आकितोशी साइतो यांच्या बॅक सुप्लेक्सनंतर, म्हणजे मागून उचलून पाठीमागे आपटण्याच्या फेकीनंतर, मिसावा उठले नाहीत; त्याच रात्री ते गेले. दुसऱ्या दिवशी फुकुओकात ठरलेला कार्यक्रम झाला आणि त्यात गो शिओझाकी अजिंक्यपदाचे मानकरी ठरले. तो कार्यक्रम व्हायला हवा होता की नको, यावर माझे मत आजवर तीनदा बदलले आहे. साइतो यांचा दोष मात्र मी कधीच मानला नाही. ते त्यानंतरही कित्येक वर्षे त्याच कंपनीत लढत राहिले, आणि ते धैर्य मला कुठल्याही विजेतेपदापेक्षा मोठे वाटते.

पुढचे सगळे डागडुजीचे आहे. २०१२ च्या अखेरीस आकियामा यांच्यासह पाच जण बाहेर पडून ऑल जपानच्याच वाटेला लागले. मालक २०१६ मध्ये बदलला, २०१९ मध्ये पुन्हा बदलला, आणि २०२० च्या जानेवारीत कंपनी सायबरएजंट या इंटरनेट जाहिरातींच्या मोठ्या उद्योगाकडे गेली. त्याने पैसा आणला हे नाकारण्यात अर्थ नाही. बुदोकानही परत मिळाले. पण फेब्रुवारी २०२१ मध्ये त्या बुदोकानात शिओझाकींकडून अजिंक्यपदाचा पट्टा घेतला तो अठ्ठावन्न वर्षांच्या केइजी मुतो यांनी. दोन वर्षांनी टोक्यो डोममध्ये त्याच मुतोंचा निरोपसमारंभ झाला, तेव्हा नोआचा विजेता काइतो कियोमिया दुसऱ्या कंपनीच्या ओकादासमोर हरला. आपल्याच मांडवात आपल्या मुलाने मान खाली घालावी, तसे मला त्या रात्री झाले. कियोमियाने २०१८ मध्ये बावीसाव्या वर्षी पट्टा जिंकला होता. त्याच्यावर विश्वास ठेवायला कंपनी इतकी का कचरते, ते मला उमगत नाही. कदाचित एकाच माणसाच्या मानेवर सगळा डोलारा उभारायचा नाही, हा धडा ते जरा जास्तच शिकले असतील.

परवा इइदाबाशीला गाडी बदलून सुइदोबाशीला उतरलो आणि कुस्तीचे सामने होतात त्या कोराकुएन हॉलचे पाचही मजले जिन्याने चढलो, कारण त्या जिन्याच्या भिंती प्रेक्षकांच्या लिखाणाने भरलेल्या आहेत. आत गेल्यावर सवयीने आधी केशरी खुर्च्या मोजल्या. मध्येमध्ये रिकाम्या होत्या. मोठ्या मल्लाचे नाव पुकारताच चहूकडून कागदी फिती रिंगमध्ये पडल्या आणि नव्या शिकाऊ पोरांनी त्या दोन्ही हातांनी कवटाळून क्षणात बाहेर काढल्या. त्यातल्या एकाच्या खांद्याला फितीचा एक तुकडा चिकटून राहिला होता, आणि त्याचे त्याला भान नव्हते. आता सामन्यांपेक्षा तेच जास्त आठवते आहे.

जुलैचे तिकीट काढले आहे. त्यापुढचे अजून नाही.