तुम्ही विचारलंत म्हणून: हाताला काम येतं, मग परीक्षा कशाला?

पहिल्यांदा मेहुण्यांनी विचारलं, जेवायला बसलो असताना. मग साइटवरच्या पोरांनी. मग आमच्या सुपरवायझरनं, जो माझ्यापेक्षा अकरा वर्षांनी लहान आहे आणि ज्याला क्लीव्हर, म्हणजे फायबर कापायचं हत्यार, धरायला मीच शिकवलं. आता तर घरी कोणी आलं आणि टेबलावर माझी वही दिसली की, "अजून चाललंय होय?" हे ठरलेलं. प्रश्नाचा रोख एकच: सतरा वर्षं केबलीतला काचेचा ऑप्टिकल फायबर जोडतोयस, वय त्रेचाळीस, त्यात ती फायबर टेस्टिंगची परीक्षा इंग्रजीतून. एकदा नापासही झालास. मग हा खटाटोप कुणासाठी?

आतापर्यंत मी ज्याला जे पटेल ते उत्तर दिलं. मेहुण्यांना सांगितलं, पगार वाढेल. (वाढलेला नाही.) पोरांना सांगितलं, मोठ्या कामांच्या टेंडरमध्ये सर्टिफिकेटवाल्याची सही मागतात. हे खरं आहे, पण ती सही माझीच हवी असं कुणी म्हटलेलं नाही. सुपरवायझरला सांगितलं, वेळ जात नाही. तो हसला, कारण आम्हाला जेवायला वेळ मिळत नाही हे त्याच्याइतकं कुणालाच माहीत नाही.

एक आधी कबूल करतो. हा प्रश्न माझाच आहे. सात-आठ वर्षांपूर्वी आमच्याकडे एक मुलगा कोर्स करून आला होता. मी सगळ्यांसमोर त्याला म्हणालो होतो, "सर्टिफिकेट गळ्यात घालून खड्ड्यात उतरणार काय रे?" सगळे हसले, तोही हसला. दोन महिन्यांत तो काम सोडून गेला. तेव्हा मला वाटायचं, काम हातात असतं. 125 मायक्रॉनची, केसाएवढी काच, तिच्या पोटात प्रकाशाची 9 मायक्रॉनची वाट, दोन टोकांच्या वाटा समोरासमोर आणून वितळवायच्या. पावसात छत्रीखाली, पाठ मोडेपर्यंत वाकून. मशिनवर लॉस, म्हणजे जॉइंटवर वाया जाणारा प्रकाश, 0.01 किंवा 0.02 डीबी आला पाहिजे; 0.05 आला तर मी तोडून पुन्हा जोडायचो, कुणी सांगितलं नसलं तरी. निळा, नारिंगी, हिरवा, तपकिरी, राखाडी, पांढरा ही फायबरच्या रंगांची माळ मला झोपेतही येते. याच्यावर परीक्षा काय घेणार?

आणि खरं सांगू, यातलं बरंचसं मला आजही पटतं. सीएफओटीचा, म्हणजे फायबर टेक्निशियनच्या सर्टिफिकेटचा, पहिला पेपर पास झालेली माणसं मी केबलीच्या टोकाचा कनेक्टर शर्टाच्या टोकाला पुसताना पाहिली आहेत.

पण तासगावच्या पुढची ती रात्र सांगितल्याशिवाय उत्तर पुरं होणार नाही. ती मी आजवर नीट कुणाला सांगितलेली नाही. आमच्या कंपनीत जी ठाऊक आहे ती मी रिपोर्टात लिहिलेली.

2019 चा ऑक्टोबर. ऑगस्टच्या महापुरात सांगलीकडच्या निम्म्या रूटचं वाटोळं झालं होतं, आणि आम्ही दोन महिने नुसतं जोडत होतो. त्यात परतीचा पाऊस. रात्री साडेदहाला फोन आला, कट लागलाय, लिंक पूर्ण डाऊन. मी एक्स्चेंजवर जाऊन ओटीडीआर लावला, म्हणजे फायबरमध्ये प्रकाश सोडून कट किती लांब आहे ते दाखवणारं मशिन. ग्राफ सरळ रेषेत गेला आणि 18.4 किलोमीटरवर कड्यावरून पडल्यासारखा खाली आला. एवढं स्वच्छ उत्तर मशिन क्वचित देतं. मी जेसीबीवाल्याला उठवलं, दोन पोरं घेतली आणि निघालो.

त्या पट्ट्याचे पेट्रोलर होते तात्या. साठीच्या आसपासचे, ठेक्यावर, सायकलवरून रोज रूट बघणारे. कुठं कोण खोदतंय, कुणाच्या बांधाला पाइप पडतोय, सगळं त्यांना ठाऊक. ते घोंगडी घेऊन रस्त्याला उभेच होते. म्हणाले, "साहेब, मागं मोरीपाशी बघू या का? काल तिथं भराव टाकत हुते. बकेट लई खाली चालली हुती." मी गाडीच्या मीटरवर बघितलं. मोरी 18 च्या अलीकडे होती. मी म्हणालो, "तात्या, मशिन खोटं बोलत नाही."

आम्ही 18.4 ला खोदलं. केबल मिळाली, धडधाकट. वाटलं, जरा पुढं असेल. तीस मीटर पुढं दुसरा खड्डा घेतला. दोन वाजून गेले होते, पाऊस लागलेला, आणि जेसीबीच्या दातात काहीतरी अडकलं. ऑपरेटरनं ओढलं. गावाची पिण्याच्या पाण्याची लाइन होती. खड्डा डोळ्यांदेखत भरला, मग रस्ता वाहायला लागला. व्हॉल्व्ह कुठं आहे हे तात्यांनाच ठाऊक. ते अंधारात सायकलवरून गेले आणि अर्ध्या तासानं पाणी थांबलं. उजाडल्यावर बाया कळशा घेऊन नळाशी आल्या आणि तशाच आमच्याकडे बघत उभ्या राहिल्या. कुणी शिवी दिली नाही. दिली असती तर बरं झालं असतं.

सकाळी साडेनऊला, वरून फोनवर फोन चालू असताना, मी कुणाला न विचारता मागं चालत गेलो. मोरीशी ताजा मुरूम होता. हातानं उकरला तर फूटभर खाली डक्ट, म्हणजे केबलीचा पाइप, चेचलेला, आणि त्यातून केबलीचे रंगीत केस बाहेर आलेले. अकराला लिंक वर आली. माझे सगळे जॉइंट 0.02 च्या आत होते.

आता रिपोर्ट. वेळ का लागला, या रकान्यात मी लिहिलं: "रूट मार्कर आढळले नाहीत." मार्करचे दगड उभे ठेवणं हे पेट्रोलरचं काम. पुरानं काही दगड गेले होते, हे खरं. पण त्या रात्री तात्यांनी बॅटरी मारून मला गवतात आडवा पडलेला एक दगड दाखवला होता, हेही खरं. पाइपलाइनच्या भरपाईचा प्रश्न निघाला, कुणाच्या तरी माथी ती मारायची होती. पुढच्या महिन्यापासून तात्या रूटवर नव्हते. मला कुणी काही विचारलं नाही. उलट, रात्रभर उभं राहून लिंक वर आणली म्हणून कौतुक झालं.

चुकलं काय होतं, हे मला तेव्हा कळलं नाही. मी मशिनला दोष दिला, बॅटरी उतरली असेल म्हणालो, पावसाला दोष दिला. कळलं ते तीन वर्षांनी, पहिला पेपर देऊन झाल्यावर, टेस्टिंगच्या स्पेशालिस्ट परीक्षेची तयारी करताना.

ओटीडीआर अंतर मोजत नाही. तो वेळ मोजतो. प्रकाश जाऊन परत यायला किती वेळ लागला, त्यावरून अंतर काढतो, आणि त्यासाठी काचेत प्रकाश किती हळू चालतो तो आकडा आपण द्यायचा असतो. आमच्या केबलीला तो 1.468 च्या आसपास हवा. मशिनमध्ये आधीच्या कुणीतरी 1.460 ठेवला होता. मी कधी त्या पानावर गेलोच नव्हतो. एवढ्याशा फरकानं 18 किलोमीटरला शंभर मीटर वाढतात. पुढचं असं, की केबलीच्या आत फायबर सरळ नसतो, पीळ घेत जातो. एक टक्का जास्त धरला तर आणखी 180 मीटर. शिवाय प्रत्येक जॉइंटला आम्हीच दोन्ही बाजूंनी दहा-दहा मीटरचा लूप सोडलेला. दोन-दोन किलोमीटरचे ड्रम, त्या अंतरात नऊ जॉइंट, म्हणजे परत 180. तिन्ही चुका एकाच दिशेला. मशिन म्हणतंय 18.4, तर जमिनीवर निघतात साधारण 17.94.

मोरी.

हे पुस्तकात दोन पानांत होतं. मी ती दोन पानं वाचली आणि त्यांना स्टेपलर मारला. मुलीनं विचारलं तर म्हणालो, हे येत नाही परीक्षेत. चार महिने पुस्तक कपाटावर होतं.

कोणी म्हणेल, जवळच्या जॉइंटपासून मोजायचं होतं, मग चूक काही मीटरांचीच झाली असती. बरोबर. हे मला तेव्हाही माहीत होतं. पण ग्राफवर जॉइंट दिसायला थोडा तरी लॉस लागतो. त्या रूटचे सगळे जॉइंट माझ्या हातचे, 0.01, 0.02 चे, आणि घाईत मी लांब पल्स, म्हणजे प्रकाशाचा लांब झटका, लावलेली. एकही दिसला नाही. रेषा सरळ. तिच्याकडे बघून मला त्या रात्री अभिमान वाटला होता, हे आता लिहिताना कसं वाटतंय ते सांगत नाही.

नापास झालो ते मात्र त्या दोन पानांमुळे नाही, तेवढं स्पष्ट करतो. नापास झालो रेफरन्समध्ये, म्हणजे मोजण्याआधी मीटर शून्यावर आणण्यात. दोन पॅचकॉर्ड, म्हणजे कनेक्टरवाल्या आखूड केबली, ॲडॉप्टरनं जोडायच्या, प्रकाश मोजणारा पॉवर मीटर शून्यावर आणायचा, मग लिंक मोजायची, ही आमची पिढीजात पद्धत. त्यात एका कनेक्टरचा लॉस शून्यातच गिळला जातो. एका कॉर्डनं शून्य केलं तर दोन्ही टोकांचे कनेक्टर मोजले जातात, तीन कॉर्डनं केलं तर दोन्ही सुटतात. तिन्ही पद्धती मान्य आहेत, फक्त कुठली वापरली ते लिहायचं असतं. आम्ही इतकी वर्षं ते कधी लिहिलंच नाही. प्रश्न इंग्रजीत फिरवून विचारले की माझा गोंधळ उडतो. दहावीपर्यंत मराठी माध्यम, पुढं आयटीआय. "एक्सक्लूड" आणि "इन्क्लूड" यांच्यात माझे किती मार्क गेले ते देव जाणे. हे कारण सांगतोय असं वाटत असेल तर वाटू दे. कारणच आहे.

काही गोष्टी शिकताना मजाही आली. गेनर घ्या. कधी कधी जॉइंटवर ओटीडीआर उणे लॉस दाखवतो, म्हणजे प्रकाश जणू वाढला. आम्ही त्याला "उलटा लॉस" म्हणायचो आणि तेवढीच बाजू छापून क्लायंटला द्यायचो. क्लायंट खूश. प्रत्यक्षात पलीकडचा फायबर वेगळ्या जातीचा असतो, तो मागं जास्त प्रकाश परतवतो, एवढंच. दुसऱ्या टोकाकडून मारलं की तोच जॉइंट जास्त लॉसचा दिसतो. इकडून उणे 0.08, तिकडून 0.16, तर खरा 0.04. दोन्हीकडून बघितल्याशिवाय जॉइंट कळत नाही. हे मी पोरांना सांगितलं तर एक जण म्हणाला, "अण्णा, दोन्ही टोकांना जायला डिझेल कोण देणार?" याचं उत्तर कुठल्या पुस्तकात नाही.

तर मग परीक्षा कशाला? आता तुम्ही म्हणाल, तात्यांसाठी. मीही काही दिवस स्वतःला तसंच सांगून पाहिलं. चालत नाही. माझ्या सर्टिफिकेटचा तात्यांना काय उपयोग? आणि उलट बाजूनं बघितलं तर तात्यांनी कुठली परीक्षा दिली होती? मशिन न लावता त्यांनी जागा सांगितली, बकेट किती खाली जात होती त्यावरून. म्हणजे माझं जुनं म्हणणं, की काम अंगात असतं, तेच खरं ठरलं. फक्त ते माझ्या अंगात नव्हतं. आणि मला 1.468 ठाऊक असता तर मी त्यांचं ऐकलं असतं का? की बरोबर आकडा घेऊन तेवढ्याच ताठ्यानं बोललो असतो, आणि योगायोगानं बरोबर ठरलो असतो? यावर मी बराच विचार केला आहे. दर वेळी उत्तर वेगळं येतं.

तात्यांना नंतर एकदा बाजारात पाहिलं, शेवग्याच्या शेंगा घेत होते. त्यांनी ओळख दाखवली, चहा घ्या म्हणाले. मी घाईत आहे म्हणालो. रिपोर्टाचं त्यांना कळलं होतं की नाही, मला माहीत नाही. मी विचारलं नाही. तो रिपोर्ट दुरुस्त करायला आजही मला कुणी अडवलेलं नाही, हे तुम्ही बोलण्याआधी मीच बोलतो.

पुढच्या महिन्यात पेपर आहे. स्टेपल काढली. रात्री मुलगी प्रश्न वाचते, शब्द अडला तर अर्थ सांगते, मी उत्तर देतो. परवा तिनं माझ्याच वहीतलं एक गणित विचारलं. अंतर 18.4, आकडा 1.460 ऐवजी 1.468, पीळ एक टक्का, लूप 180 मीटर, तर जमिनीवर कुठं? मी कागद न घेता सांगितलं. ती म्हणाली, "पाठच केलंयत की तुम्ही. आकडे बदलून विचारू?"

म्हटलं, विचार. तिनं बदलून विचारले, आणि मी चुकलो.