कोपऱ्यात बसणारी माणसं

गुरुवार, रात्री

संस्थेच्या परिचयपत्रिकेसाठी प्रत्येक सहकाऱ्याबद्दल चार-चार ओळी लिहून द्यायचं काम माझ्याकडे आलंय. पदवी, अनुभव, कोणत्या विषयात विशेष गती. लिहून झाल्यावर वाचून पाहिलं. सगळं खरं होतं, पण त्यात आमची माणसं कुठेच दिसेनात. बालशिक्षणात सल्ला देणारी संस्था म्हणजे नेमकं कोण काय करतं, हे पत्रिकेत मावणारं नाही. म्हणून इथे लिहून ठेवते.

आधी आमच्या ज्येष्ठ ताई. आयुष्याचा मोठा काळ स्वतः बालवर्ग घेतला आणि मग या कामात आल्या. वर्ग पाहायला गेल्या की कुणी आदराने खुर्ची पुढे केली तरी घेत नाहीत. भिंतीला टेकून जमिनीवर बसतात, म्हणजे नजर मुलांच्या नजरेला येते. वहीच्या पानावर मधोमध उभी रेघ. डावीकडे जे दिसलं ते, उजवीकडे त्यावरून जे वाटलं ते. डावीकडे ‘हट्टी’, ‘लाजाळू’, ‘हुशार’ असले शब्द चालत नाहीत. नव्याने आलेल्या कुणी लिहिलेच तर शांतपणे विचारतात, “हे तुला दिसलं कसं?”

आज त्यांच्या वहीतलं एक पान टाइप करत होते. चार वर्षांची एक मुलगी जगमधून पेल्यात पाणी ओततेय. डावीकडे लिहिलंय: “पाणी सांडलं. मुलीने वर्गाच्या ताईंकडे पाहिलं. ताई फडकं घेऊन आल्या, पुसलं. मुलीने हात पुढे केला होता, मागे घेतला.” उजवीकडे एवढंच: “फडकं कुठे असतं?” वर्ग सुटल्यावर त्यांनी वर्गाच्या ताईंना हा एकच प्रश्न विचारला. फडकं वरच्या फळीवर असायचं, मोठ्यांच्याच हाताला लागेल असं. ताई जरा थांबल्या आणि म्हणाल्या, “खाली एक खिळा ठोकून घेते.” पुढच्या भेटीत खिळा होता, त्यावर चिमुकल्या मुठीत मावेल एवढं फडकं होतं, आणि सांडलं की मुलं आपणहून पुसत होती. मॉन्टेसरी पद्धतीतल्या जीवनव्यवहारांवर (म्हणजे ओतणं, पुसणं अशी रोजची कामं मुलांनी स्वतः करणं), स्वावलंबनावर भाषण करायची वेळच आली नाही.

मला या कामाचा गाभा इथेच दिसतो. मुलापर्यंत आम्ही थेट कधीच पोचत नाही, पोचायचंही नसतं. आमच्याकडचं जे काही चांगलं आहे ते ताईंच्या हातून जातं. त्या रोज तिथे असतात, आम्ही अधूनमधून. त्यामुळे आमच्यापैकी कोण किती शिकलंय यापेक्षा ताईंशी कोण कसं बोलतं, यावर सगळं ठरतं.

दुसरी सहकारी भाषेचं काम बघते. वर्गात ताई मुलांना काय विचारतात आणि विचारल्यावर किती वेळ थांबतात, हे ती टिपते. मेरी बड रो या अमेरिकन संशोधिकेने 1970च्या दशकात प्राथमिक वर्गांतल्या संभाषणांच्या ध्वनिफिती तपासून दाखवलं होतं, की प्रश्न विचारल्यावर शिक्षक साधारण एकच सेकंद थांबतात. तोच थांबा तीन सेकंदांवर नेला की मुलांची उत्तरं लांबतात आणि एरवी गप्प राहणारी मुलंही बोलू लागतात. ऐकायला सोपं वाटतं. प्रत्यक्षात भरल्या वर्गात तीन सेकंद गप्प राहणं फार अवघड असतं. आमची ही सहकारी ताईंना निष्कर्ष सांगत बसत नाही. ताईंच्या परवानगीने त्यांच्याच वर्गातलं पाच मिनिटांचं बोलणं ध्वनिमुद्रित करते, दोघी मिळून ऐकतात, आणि जिथे मूल बोलायला तोंड उघडत होतं ती जागा बहुतेक वेळा ताईंनाच आधी सापडते.

तिसरा सहकारी वास्तुरचनेकडून इकडे आलेला. मोजपट्टी घेऊन गुडघ्यावर फिरतो. बसल्यावर मुलाचे पाय जमिनीला टेकतात का, नळ हाताला येतो का, भिंतीवरची चित्रं मुलांच्या उंचीवर आहेत की पालकांच्या. थेल्मा हार्म्स आणि रिचर्ड क्लिफर्ड यांनी 1980 मध्ये बालवर्गाचं वातावरण तपासायची जी मोजणी तयार केली, तिच्या सुधारित आवृत्तीचा पहिला भाग म्हणजे जागा आणि सामान. त्यातली एक बाब मला फार आवडते: मुलाला जरा एकटं बसावंसं वाटलं तर तशी जागा आहे का. पन्नास वर्ग पाहिले तरी ही जागा क्वचित दिसते, कारण मूल सतत कशात तरी गुंतलेलं हवं असं आपण धरून चाललोय. 1 ते 7 अशा श्रेणीने ही मोजणी होते. आकडा आम्ही काढतो, पण ताईंशी बोलणं आकड्यापासून कधीच सुरू करत नाही.

हिशेब बघणाऱ्या आमच्या बाईंचं नाव कोणत्याच प्रशिक्षणात पुढे येत नाही. पण एखादी संस्था अंदाजपत्रक घेऊन आली की त्या खेळसाहित्याच्या आधी ताईंच्या पगाराची ओळ शोधतात, आणि मग एका वर्गात मोठी माणसं किती, ते विचारतात. चार वर्षांच्या वीस मुलांमागे निदान दोघी हव्यात, यावर त्या अडून बसतात. माझ्या मते आमच्यातलं सगळ्यात परिणामकारक काम त्यांचंच आहे.

संस्थाचालक आणि पालक येतात ते बहुधा एकाच अपेक्षेने: मूल लवकर लिहायला लागलं पाहिजे. त्यांच्याशी बोलायचं काम बऱ्याचदा माझ्याकडे असतं. मी मनगटापासून सुरुवात करते. मनगटात आठ छोटी हाडं असतात. जन्मतः ती कूर्चेची असतात, मग एकेक करून कठीण होत जातात, आणि मूल शाळेत रुळल्यावरही हे काम कित्येक वर्षं चालू राहतं. अशा हाताला तास न् तास गिरवायला बसवून काय मिळणार? माती मळणं, कात्रीने कापणं, ओतणं, पिळणं, ठोकळे रचणं, ही लेखनाचीच तयारी आहे. बहुतेक पालक हे ऐकून घेतात. त्यांना मुलाचं बरंच करायचं असतं, फक्त ते कुणी नीट समजावून सांगितलेलं नसतं.

आमच्या क्षेत्रात अमेरिकेतल्या मिशिगनमधल्या पेरी पूर्वप्राथमिक प्रकल्पाचा दाखला सतत दिला जातो. 1962 मध्ये सुरू झालेला, 123 मुलांचा. त्यातली 58 मुलं या बालवर्गात आली, 65 आली नाहीत, आणि पुढे मोठेपणीही दोन्ही गटांचा माग घेतला गेला. गुंतवलेल्या पैशांतून समाजाला किती परत मिळालं, हे जो तो सांगतो. ज्येष्ठ ताई मात्र आम्हाला दुसरीच गोष्ट वाचायला लावतात. तिथल्या शिक्षिका सकाळी वर्ग घ्यायच्या आणि शिवाय दर आठवड्याला प्रत्येक मुलाच्या घरी जायच्या. तो सगळा परतावा या बायकांच्या कामातून आलाय, आणि त्यांच्याबद्दल किती कमी बोललं जातं!

सल्लागार हा शब्द नवा असेल, काम जुनं आहे. इटलीतल्या रेज्जो एमिलियाच्या बालशाळांमध्ये ‘पेडागोजिस्टा’ असते: अनेक शाळांमधून फिरणारी, शिक्षकांच्या नोंदींवर त्यांच्याशी चर्चा करणारी. आपल्याकडे ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी 1945 मध्ये बोर्डीला ग्राम बाल शिक्षा केंद्राचं काम सुरू केलं, पुढे ते कोसबाडला गेलं. मुलं शाळेत येत नाहीत तर शाळाच पाड्यावर, अंगणात न्यायची, आणि शिंपले, बिया, पानं यांतून साहित्य उभं करायचं. दुसऱ्याला सांगण्याआधी त्यांनी स्वतः जमिनीवर बसून ते केलं होतं. आमच्याकडे कुणालाही घेताना आम्ही हेच बघतो. मुलांसोबत प्रत्यक्ष काम केलेलं नसेल तर आधी एक वर्ष वर्गात मदतनीस म्हणून राहायचं, मग सल्ल्याचं बघू. हिशेबाच्या बाईंनीही आठवडाभर वर्गात बसून घेतलंय.

सगळीच कामं आम्ही घेत नाही. मध्यंतरी एका संस्थेला आमच्याकडून ताईंना गुण द्यायला हवे होते, आणि ते फलकावर लावायचे होते. बैठकीत फारशी चर्चाही झाली नाही, सगळ्यांनी नाही म्हटलं. ज्या ताईंना उद्या फलकावर आपला क्रमांक दिसणार आहे, त्या आमच्यासमोर मोकळेपणी वर्ग घेतील कशाला? आणि त्यांनी तो घेतला नाही तर आम्ही बघणार तरी काय? पैशाची ओढाताण होती त्या महिन्यात, तरीही.

आज दुपारचं एक राहिलं. एका बालवर्गाला आम्ही सुचवलं होतं की ठोकळ्यांचा कोपरा दाराजवळून हलवा, येण्याजाण्याने खेळ मोडतो. तिथल्या ताईंचा फोन आला. कोपरा हलवायचा नाही, असं त्यांचं ठाम मत झालंय. एक मुलगा सकाळी आई गेल्यावर दारापाशीच उभा राहतो, आत येत नाही. ठोकळे दाराशी आहेत म्हणून तो आधी बघतो, मग उकिडवा बसतो, मग हातात एखादा ठोकळा घेतो. त्यांनी रोज नोंद ठेवली होती, मधोमध रेघ मारून. डावी बाजू अगदी स्वच्छ: कोण कुठे उभं होतं, कशाला हात लावला, किती वेळाने बसलं. ज्येष्ठ ताईंनी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, “कोपरा आहे तिथेच राहू दे. त्या नोंदी घेऊन पुढच्या प्रशिक्षणाला या. ते सत्र तुम्हीच घ्या.” ताई आधी नको म्हणाल्या. मग विचारलं, किती वेळ मिळेल. पाऊण तास ठरलाय.