पाय मोडलेलं नाव

आमच्या दादरच्या ऑफिसात नव्याने रुजू झालेल्या मुलीने शिकता शिकता जावास्क्रिप्ट या प्रोग्रॅमिंगच्या भाषेत एक छोटी लायब्ररी, म्हणजे पुन्हा पुन्हा वापरायच्या फंक्शन्सचा संच, लिहिली होती. यादीचे तुकडे पाडणारं चंक, टायपिंग थांबेपर्यंत सर्व्हरला हाक न मारणारं डिबाउन्स, लांब मजकूर कापून पुढे टिंबं लावणारं ट्रंकेट, अशी मोजकीच फंक्शन्स. अशाच फंक्शन्सची लोडॅश ही तयार लायब्ररी २०१२ पासून आहे, अंडरस्कोर तर २००९ पासून, मग हे परत कशाला, असं टीममधल्या एकाने विचारलंही. मला ते पटलं नाही. डिबाउन्स स्वतः लिहिल्याशिवाय क्लोजर, म्हणजे फंक्शनने आपल्या भोवतालची व्हेरिएबल्स धरून ठेवणं, अंगात मुरत नाही.

त्या दिवशी एका वाचनालयाच्या सभासदपत्रांचा नमुना काढायचा होता. कार्डाच्या कडेला अरुंद पट्टी, तिच्यात फक्त पहिलं नाव. मी म्हटलं, तुझंच ट्रंकेट लावून बघ. टिंबांसकट (‘…’ हे एकच चिन्ह धरून) सहाची मर्यादा दिली आणि पहिलंच कार्ड आलं: ‘लक्ष्…’. लक्ष्मीकांतचा पाय मोडला होता.

"सर, टेस्ट तर सगळ्या पास आहेत," ती म्हणाली. होत्याच. पण एकूण एक टेस्ट रोमन अक्षरांतल्या. आम्ही लोडॅशचं ट्रंकेट तेच टिंबांचं चिन्ह देऊन लावून पाहिलं. तिथेही हुबेहूब ‘लक्ष्…’! ते इमोजी सांभाळतं, लॅटिन अक्षरांवरची जोडचिन्हं सांभाळतं, आपल्या काना-मात्रांकडे मात्र बघत नाही. जावास्क्रिप्टच्या हिशेबाने ‘लक्ष्मीकांत’ची लांबी ११ आहे, कारण हलन्त, वेलांटी, काना, अनुस्वार हे सगळे सुटे मोजले जातात. वाचणाऱ्याला दिसतात चार: ल, क्ष्मी, कां, त.

यावर जावास्क्रिप्टमध्येच उपाय आहे, मजकूर डोळ्यांना दिसणाऱ्या अक्षरांत तोडणारं इंटल.सेगमेंटर. तिने तो लावला, तिच्या लॅपटॉपवर चार आले. कार्डं छापणाऱ्या मशीनवर त्याच कोडने सहा दिले: ल, क्, ष्, मी, कां, त. ती वैतागली. मला मात्र इथे खरी गंमत वाटू लागली. त्या मशीनवर नोडची, म्हणजे ब्राउझरबाहेर जावास्क्रिप्ट चालवणाऱ्या प्रोग्रॅमची, जुनी आवृत्ती होती. हलन्ताने जोडलेली व्यंजनं एकत्र ठेवायचा नियम सगळ्या लिप्यांच्या अक्षरांना क्रमांक देणाऱ्या युनिकोडच्या मूळ प्रमाणात आला तो २०२३ मध्ये, १५.१ या आवृत्तीत. तो नियम नसलेल्या जुन्या तक्त्यांवर चालणारं नोड क्ष्मीचे तीन तुकडे करणारच. जोडाक्षरांवर चालणाऱ्या इतक्या लिप्या असताना हे इतक्या उशिरा व्हावं, याचा मला आजही राग येतो.

मशीनवरचं नोड लगेच बदलता येणार नव्हतं. तिने स्वतः नियम लिहिला: तुकडा हलन्ताने संपत असेल आणि पुढचा व्यंजनाने सुरू होत असेल, तर दोन्ही जोड. पुढे व्यंजन असण्याची अट तिने आपणहून घातली, नाहीतर ‘जगत्’सारखा शब्द पुढच्या मोकळ्या जागेला जाऊन चिकटला असता. मला फार बरं वाटलं.

मग दुसऱ्या पट्टीत आडनावं घेतली. एक कऱ्हाडे नीट, दुसरे कर्‍हाडे तुटलेले. डोळ्यांना दोन्ही नावं सारखीच. एकात नुक्त्याचा, म्हणजे खाली टिंब असलेला, ऱ होता. दुसऱ्यात साधा र, हलन्त आणि त्यामागे न दिसणारा जोडक, झेडडब्ल्यूजे (झीरो विड्थ जॉइनर). तो तुकडा हलन्ताने संपतच नव्हता, जोडकाने संपत होता. युनिकोडच्या ठरलेल्या रीतीने नॉर्मलाइज, म्हणजे एकरूप, करायला गेलं तरी ही दोन रूपं एक होत नाहीत, म्हणजे शोधातही एक कऱ्हाडे सापडले तर दुसरे सापडणार नाहीत. तिने नियमात जोडक धरला, आणि तुलना करण्याआधी दोन्ही रूपं एकाच रूपात आणणारं नवं फंक्शन लिहायला घेतलं. लोडॅशमध्ये असं फंक्शन नाही.

निघताना बघितलं तर तिच्या टेस्टच्या फाइलमध्ये लक्ष्मीकांत होता, जगत् होता, आणि कऱ्हाडे दोन्ही प्रकारे लिहिलेले होते.