कंगवा बाजूला ठेवल्यानंतरची चार वर्षे

माझ्या डोक्यावर आज त्रेचाळीस जटा आहेत. त्या कुणी विणलेल्या नाहीत, कुठल्या रसायनाने घडवलेल्या नाहीत आणि त्यांत बाहेरचा एकही केस जोडलेला नाही. चार वर्षांपूर्वी मी केस विंचरणे थांबवले आणि पुढचे काम केसांनी स्वतःच्या गतीने केले. ही गती किती संथ असते आणि त्या काळात आपल्या वाट्याला नेमके कोणते काम येते, हे सुरुवातीला मला कुणी नीट सांगितले नव्हते. म्हणून ते सविस्तर लिहून ठेवत आहे. मला सर्वांत जास्त वेळा विचारला जाणारा प्रश्न ‘तू केस धुतेस का?’ हा आहे, आणि त्याचे उत्तर आधीच देते: मी दर आठवड्याला केस धुते, आणि नियमित धुतल्यामुळेच माझ्या जटा इतक्या घट्ट झाल्या आहेत.

अस्वच्छतेतून जटा होतात हा समज खोलवर रुजलेला आहे, पण केसाची रचना पाहिली की तो टिकत नाही. प्रत्येक केसावर माशाच्या खवल्यांसारखे अतिसूक्ष्म पापुद्रे असतात आणि एका केसाचे पापुद्रे दुसऱ्या केसावर अडकून घर्षण निर्माण होते. केसांवर तेलाचा थर साचला की हे घर्षण कमी होते आणि केस एकमेकांवरून निसटत राहतात. केस स्वच्छ आणि कोरडे असले की तेच एकमेकांना घट्ट धरून बसतात. दुसरे कारण गळणाऱ्या केसांचे आहे. निरोगी माणसाचे दिवसाला साधारण ५० ते १०० केस गळतात. विंचरणाऱ्यांचे ते कंगव्यात जातात. न विंचरणाऱ्यांचे गळलेले केस शेजारच्या वाढत्या केसांभोवती गुंडाळले जातात. दिवसाला पन्नास धरले तरी वर्षाला १८,००० च्या वर केस होतात, आणि धुताना त्यांतले काही वाहून गेले तरी उरलेले जटेच्या पोटात भरत जातात. जटेला जाडी येते ती या गळालेल्या केसांची, मळाची नव्हे.

कुणाच्या केसांची जटा किती लवकर होईल, हे बरेचसे जन्मतःच ठरलेले असते. केसाचा आडवा छेद जितका चपटा आणि लंबगोल, तितका केस अधिक कुरळा. आणि छेद जितका गोल, तितका तो सरळ. घट्ट कुरळ्या केसांना वळण उपजतच असल्यामुळे ते काही महिन्यांत एकमेकांत रुतू लागतात. सरळ केस दीड-दोन वर्षेसुद्धा घेतात आणि टोकांशी शेवटपर्यंत मोकळे राहू शकतात. माझे केस लहरी आहेत, ना पुरते सरळ ना कुरळे. मला त्यांना जटा म्हणावेसे वाटायला चौदा महिने लागले.

खरे तर हा माझा दुसरा प्रयत्न होता. पहिल्या वेळी मला घाई होती. मी एका ठिकाणी जाऊन केस उलटे विंचरून घेतले आणि ते सुटू नयेत म्हणून प्रत्येक बटेवर मधमाश्यांचे मेण चोपडून घेतले. पहिला आठवडा सगळे नीटनेटके दिसले. त्यानंतर मेणाने उशीचे धागे, धूळ, लोकरीचे तंतू असे जे मिळेल ते धरून ठेवायला सुरुवात केली आणि दीड महिन्यात जटांचा रंग करडा झाला. मधमाश्यांचे मेण ६२ ते ६५ अंश सेल्सियसच्या आसपास वितळते. इतके गरम पाणी डोक्यावर घेता येत नाही, त्यामुळे ते साध्या धुण्याने निघत नाही. शिवाय केस मेणात थिजले की ते एकमेकांवर सरकत नाहीत, आणि सरकल्याशिवाय गाठ बसत नाही. म्हणजे ज्या कामासाठी मेण लावले, तेच काम ते अडवून धरते. मी काही बटा तेल लावून तासन्‌तास सोडवल्या आणि उरलेल्या कापल्या. केसांना मेण, जेल किंवा चिकट मलम लावायला सांगणाऱ्या कुणाचेही ऐकू नका, असे मी आज पूर्ण खात्रीने सांगते.

दुसऱ्या वेळी मी काहीच लावले नाही. पहिला महिनाभर केस नेहमीसारखेच दिसत होते, फक्त जरा अवखळ. तिसऱ्या महिन्यात मानेजवळ, जिथे कपड्याचे घर्षण जास्त असते तिथे, पहिल्या गाठी हाताला लागल्या. चौथ्या ते आठव्या महिन्याचा काळ सर्वांत कठीण गेला: डोक्याचा आकार दर आठवड्याला बदले, काही बटा आखडून वर जात, काही तशाच लोंबत राहत. गाठी बसताना केस स्वतःभोवती दुमडले जातात, त्यामुळे लांबी डोळ्यांदेखत कमी होते. हे माहीत नसेल तर केस तुटत आहेत अशी भीती वाटते. बहुतेक जण याच टप्प्यावर कंटाळून माघार घेतात.

काहीच लावायचे नाही याचा अर्थ काहीच करायचे नाही असा मात्र होत नाही. या पद्धतीत एक काम अटळ आहे, ते म्हणजे मुळांपाशी जटा वेगळ्या करणे. शेजारशेजारचे केस कुणाचा कोण हे पाहत नाहीत. सोडून दिले तर दोन जटा मुळाशी एक होतात, मग तिसरी त्यांना येऊन मिळते आणि काही महिन्यांत डोक्याच्या मागे एक सलग पट्टा तयार होतो. मी दर वेळी केस धुतल्यावर, ते अर्धवट ओले असताना, दोन जटा दोन हातांत धरून हळूहळू मुळापर्यंत फाकवत जाते. संपूर्ण डोक्याला अर्धा तास लागतो. सुरुवातीला माझ्या साठहून अधिक बटा होत्या. त्यांतल्या काही बारीक बटा मी जाणूनबुजून एकमेकींत मिसळू दिल्या, कारण जटेचे मूळ फार किरकोळ असेल तर पुढे वाढणारे वजन त्याला पेलत नाही. कोणती जोडू द्यायची आणि कोणती वेगळी ठेवायची हे ठरवण्यातच या पद्धतीचे कौशल्य आहे, आणि ते बोटांना हळूहळू कळत जाते.

इतर पद्धतींना मी कमी लेखत नाही. घट्ट कुरळ्या केसांत दोन पेडांचे पीळ घालून किंवा बारीक कंगव्याने गुंडाळ्या करून सुरुवात केली तर भाग सुरेख पडतात आणि केसांना त्रासही होत नाही. क्रोशाच्या सुईने मोकळे केस आत ओढून घेता येतात, पण घाईने चालवलेली सुई केस ओढण्याऐवजी तोडते, आणि ते नुकसान महिन्यांनंतर जटा मधूनच पातळ झाल्यावर दिसते. जटेचे टोक मुळातून ओवून घेण्याची पद्धत सरळ केसांना उपयोगी पडते. मात्र दर वेळी एकाच दिशेने ओवले तर मुळाशी भोक पडते, म्हणून दिशा बदलत राहावे लागते. रसायनाने केस खडबडीत करून जटा बांधण्याच्या मी पूर्ण विरोधात आहे.

धुण्याची माझी रीत साधी आहे. वाटीभर पाण्यात थोडा शाम्पू कालवून तो फक्त डोक्याच्या त्वचेवर, बोटांच्या पेरांनी चोळते. जटांमधून जो फेस ओघळतो तेवढा त्यांना पुरतो. शाम्पू शक्यतो पारदर्शक, सुगंध कमी असलेला आणि सिलिकॉन नसलेला निवडते. कंडिशनर वापरत नाही, कारण केस निसरडे करणे हेच त्याचे काम आहे. त्यानंतर धुण्याला लागला त्याच्या दुप्पट वेळ खळबळण्याला देते, कारण आत अडकलेला शाम्पू पुढे खाज आणतो. खायच्या सोड्याच्या पाण्याने जटा खोलवर स्वच्छ होतात असे वाचून मी काही महिने तो दर आठवड्याला वापरला आणि टोके गवतासारखी ठिसूळ करून घेतली. डोक्याच्या त्वचेचा सामू ५.५ च्या आसपास, म्हणजे किंचित आम्लधर्मी असतो. सोड्याचे पाणी ८ च्या वर जाते, आणि अशा अल्कधर्मी पाण्यात केसावरचे पापुद्रे उघडून झिजतात. आता वर्षाकाठी एकदाही मी सोड्याला हात लावत नाही.

धुण्याहून वाळवणे महत्त्वाचे आहे. जटा वरून कोरडी लागते तेव्हाही आतून ओली असू शकते, कारण ती एखाद्या जाड दोरखंडासारखे पाणी शोषून घेते आणि गाभ्यातले पाणी बाहेर पडायला वाट नसते. पहिल्या वर्षी मी संध्याकाळी केस धुऊन, तसेच बांधून, झोपत असे. तिसऱ्या महिन्यापासून डोक्याला एक कुबट वास येऊ लागला आणि तो कितीही शाम्पूने जाईना. तो वास मळाचा नव्हता. ओल्या राहिलेल्या गाभ्यात बुरशी धरू पाहत होती. त्या वेळी मी लागोपाठ तीन आठवडे फक्त वाळवण्यावर लक्ष दिले, आणि जटा अजून कोवळ्या असल्यामुळे वास निघून गेला. जुन्या, जाड जटेत बुरशी मुरली तर ती कापण्यावाचून अनेकदा इलाज उरत नाही. आता मी सकाळीच केस धुते. एकेक जट मुळाकडून टोकाकडे मुठीने पिळत आणते, मग सुती पंचात गुंडाळून दाबते, आणि पंचा ओला झाला की दुसरा घेते. त्यानंतर केस मोकळे सोडून उन्हात किंवा पंख्याखाली बसते. दमट दिवसांत ड्रायरची कोमट हवा देते, आणि सर्वांत जाड जटेचा मधला भाग गालाला लावून पाहते: तो गार लागला तर आत अजून पाणी आहे. त्या दिवशी केस बांधायचे नाहीत, टोपी घालायची नाही.

त्वचेच्या बाबतीत दोन गोष्टी गंभीरपणे घ्याव्यात. पहिली कोंड्याची. कोंडा जटांमुळे होत नाही, पण झाला तर तो जटांत अडकून बसतो, म्हणून सुरुवातीलाच औषधी शाम्पूने त्याचा बंदोबस्त केलेला बरा. किटोकोनाझोल किंवा झिंक पायरिथिऑन असलेले शाम्पू जटांनाही चालतात. दुसरी गोष्ट ताणाची. मुळाशी आलेले नवे मोकळे केस नीट दिसावेत म्हणून पुन्हा पुन्हा घट्ट पिळत राहिले, किंवा जड जटा रोज उंच बांधल्या, तर कपाळाच्या आणि कानशिलांच्या कडेचे केस मागे हटू लागतात. वेळीच ताण काढला तर ते परत येतात. ताण वर्षानुवर्षे चालू राहिला तर मुळे कायमची मरतात. बांधल्यावर डोके दुखत असेल किंवा मुळाशी बारीक पुळ्या येत असतील, तर तेवढी खूण पुरेशी समजून लगेच केस सोडावेत.

बाकीची निगा फार नाही. रात्री रेशमी किंवा साटीनच्या कापडात केस बांधले की उशीचे तंतू लागत नाहीत. तेल मी केवळ बोटे बुडवण्यापुरते, तेही त्वचेला, महिन्यातून एखाद्या वेळी लावते. उवा जटांतही होऊ शकतात, आणि त्या काढायला नेहमीपेक्षा जास्त चिकाटी लागते.

माझ्यासाठी जटा हा आवडीचा विषय आहे, पण अनेकांसाठी तो तसा नाही, आणि हे मी विसरू इच्छित नाही. जमैकामध्ये १९३० च्या दशकात उदयाला आलेल्या रास्ताफारी पंथातले लोक जटा राखतात ते बायबलच्या ‘गणना’ ग्रंथातील सहाव्या अध्यायात सांगितलेल्या व्रताला अनुसरून, ज्यात व्रतस्थाच्या डोक्याला वस्तरा लावू नये असे म्हटले आहे. अमेरिकेत कृष्णवर्णीय माणसांना त्यांच्या नैसर्गिक केसांवरून नोकरी नाकारली गेली आहे. तेथील कॅलिफोर्निया राज्याने २०१९ मध्ये ‘क्राउन’ कायदा करून केसांच्या ठेवणीवरून होणारा असा भेदभाव बेकायदा ठरवला. माझ्या जटांमागे असे व्रत नाही आणि त्यांच्यासाठी मला असे काही सोसावेही लागले नाही. म्हणून कुणी विचारले तर त्या केवळ माझे न विंचरलेले केस आहेत, इतकेच मी सांगते.

जटा काढायच्या तर डोके भादरावेच लागते, असेही अनेकांना वाटते. त्याची खातरजमा करण्यासाठी गेल्या महिन्यात मी मानेजवळची एक जट सोडवली. ती कोमट पाण्यात भिजवली, इतकी वर्षे टाळलेले कंडिशनर तिला भरपूर लावले आणि टोकाकडून सुरुवात करून जाड सुईने एकेक गाठ मोकळी केली. दोन संध्याकाळी गेल्या. हातात गळालेल्या केसांचा मूठभर पुंजका आला आणि डोक्यावर उरलेले केस, जे जट असताना खांद्याला जेमतेम टेकत होते, ते कमरेच्या जवळ पोहोचले. केस महिन्याला साधारण एक सेंटिमीटर वाढतात हे मला ठाऊक होते, तरी ती लांबी पाहून मी बराच वेळ ते हातात धरून बसले. ती बट मी विंचरली नाही. धुतली, वाळवली आणि शेजारच्या दोन जटांपासून वेगळी करून पुन्हा सोडून दिली.