थंडीतला ओ-३२०: ऊब आतपर्यंत पोचवण्याची नोंद

थंडीचा हंगाम निम्मा सरला आहे, म्हणून आमच्या लहान विमानाचं इंजिन सुरू करण्याआधी तापवण्याचं, म्हणजे प्रीहीटचं, आतापर्यंतचं काम मांडून ठेवते. इंजिन लायकमिंग ओ-३२०, चार सिलिंडरचं, कार्बोरेटरवालं. विमान हँगरमध्ये उभं असतं, पण तिथे हीटिंग नाही. त्यामुळे बाहेर जेवढा गारठा तेवढाच आत, फक्त वारा लागत नाही.

या हंगामात माझं सगळं लक्ष एका प्रश्नावर होतं: स्टार्टर मारण्याआधी इंजिन आतून किती अंशांवर आलेलं असतं? बॅटरी दणकट असेल आणि प्रायमर (सिलिंडरकडे थेट इंधन ढकलणारा हातपंप) सढळ हाताने मारला तर कडाक्याच्या थंडीतही इंजिन धरतं. चार-दोन खोकले देतं आणि चालू लागतं. पण त्या पहिल्या अर्ध्या मिनिटात आत जी झीज होते ती कानाला कळत नाही आणि कुठल्या काट्यावरही दिसत नाही. ती कळते इंजिन पूर्ण उघडल्यावर, ओव्हरहॉलच्या टेबलावर.

कारण धातूंमध्ये आहे. अ‍ॅल्युमिनियम पोलादाच्या जवळपास दुप्पट आकुंचन-प्रसरण पावतं. क्रँककेस अ‍ॅल्युमिनियमचा, आत फिरणारा मुख्य दांडा, क्रँकशाफ्ट, पोलादाचा. गारठ्यात केस, म्हणजे इंजिनाचं बाहेरचं कवच, शाफ्टपेक्षा जास्त आक्रसतो आणि शाफ्ट ज्यात फिरतो त्या बेअरिंगमधली फट कमी होते. ढोबळ हिशोब करून पाहिला: ६० मिमी व्यासाच्या जर्नलवर (शाफ्टच्या बेअरिंगमध्ये बसणाऱ्या भागावर) तापमान ३० अंशांनी उतरलं की दोन धातूंच्या आकुंचनात ०.०२ मिमीच्या आसपास फरक पडतो. ही फट मुळातच शतांश मिलिमीटरमध्ये मोजतात, त्यामुळे हा आकडा किरकोळ नाही. आणि फट अशी अरुंद झालेली असते नेमक्या त्याच वेळी तेल घट्ट होऊन बसलेलं असतं.

सिलिंडरमध्ये धोका दुसऱ्या बाजूने येतो. या इंजिनाचा बोअर, म्हणजे सिलिंडरचा आतला व्यास, १३० मिमी आहे. इंजिन धरलं की ज्वाळा थेट पिस्टनच्या माथ्यावर लागतात. एवढ्या व्यासाचा अ‍ॅल्युमिनियमचा पिस्टन १०० अंशांनी तापला तर सुमारे ०.३ मिमी फुगतो. बाहेरचं पोलादी बॅरल, म्हणजे सिलिंडरची भिंत, मात्र पंख्याचा (प्रोपेलरचा) गार वारा अंगावर घेत, अजून तापलेलंच नसतं. पिस्टन वाढतो, त्याला जागा मिळत नाही, मधे तेलाचा थर धड नाही. पिस्टन भिंतीला घासून ओरखडे पडतात, म्हणजे स्कफिंग होतं, ते असं.

उत्पादकांनी यासाठी मर्यादा आखून दिल्या आहेत. लायकमिंग बहुतेक मॉडेलांना उणे १२ अंश सेल्सिअसखाली प्रीहीट करायला सांगते, ७६ मालिकेच्या इंजिनांना उणे ७ खाली. कॉन्टिनेंटलची मर्यादा उणे ७ ची, आणि त्यात वेळही धरला आहे: इंजिन तेवढ्या थंडीत दोन तास किंवा जास्त उभं असेल तर प्रीहीट हवंच. हे आकडे म्हणजे शेवटची हद्द, असं मी मानते. उणे ११ ला इंजिन सुरक्षित आणि उणे १३ ला धोक्यात, असं धातू काही ठरवून वागत नाहीत. आम्ही शून्याच्या वर, ४ अंशांपासूनच हीटर लावतो.

आता मोजमापांकडे येते.

पहिल्यांदा फक्त सम्पच्या (इंजिनाखालच्या तेलाच्या टाकीच्या) तळाला चिकटवलेला इलेक्ट्रिक पॅड होता. तेलाचं तापमान झकास दिसायचं, ४० च्या पुढे. डिपस्टिक काढली की तेल पातळ होऊन ओघळायचं. यावर समाधान मानणारे पुष्कळ आहेत. मी मात्र थर्मोकपल (तापमान मोजणाऱ्या तारा) घेऊन चार जागा धरल्या: सम्प, मागच्या सिलिंडरचं हेड, पुढच्या सिलिंडरचं हेड, आणि पंख्यामागे जिथे पुढचं मेन बेअरिंग बसतं तिथला क्रँककेस. बाहेर उणे ९ असताना रात्रभर पॅड चालू ठेवला. सकाळी सम्प ४३, मागचं हेड १०, पुढचं ५, आणि बेअरिंगजवळचा केस जेमतेम २.

म्हणजे तेल गरम, पण ते ज्या फटीत जायचं ती फट अजून गारठलेली. वर आणखी एक प्रश्न उभा राहतो. गरम तेलातून ओल वर उठते आणि इंजिनात जो भाग सर्वांत गार असेल तिथे दव बनून बसते. लायकमिंगमध्ये झडपा हलवणारा कॅमशाफ्ट क्रँकशाफ्टच्या वर असतो, त्याला तेल मिळतं ते मुख्यतः उडालेल्या शिंतोड्यांतून. उभ्या इंजिनात तेलाचा थर सगळ्यात आधी तिथूनच उतरतो. कॅमवर दव बसलं की गंज, गंजातून खड्डे, आणि मग कॅमला टेकलेले, झडपा उचलणारे लिफ्टरही खराब. म्हणून फक्त सम्प-पॅड आठवडाभर अखंड चालू ठेवण्याच्या मी ठाम विरोधात आहे. उड्डाणाच्या आदल्या रात्री लावावा, आणि एकट्या सम्पला नव्हे.

दुसरा टप्पा सिलिंडरांच्या बॅंड हीटरचा. प्रत्येक बॅरलच्या बुडाशी एकेक पट्टा. आकडे लगेच सुधारले, हेड २५ च्या वर गेली. पण पुढचा केस मागेच राहत होता आणि त्याचं कारण नजरेसमोरच होतं: धातूचा पंखा. क्रँकशाफ्टच्या फ्लँजला घट्ट बसलेलं एवढं मोठं, पातळ, उघडं पातं रात्रभर उष्णता ओढून बाहेर टाकत राहतं. तेव्हा तिसरा टप्पा: काउलवर (इंजिनाच्या बाहेरच्या आवरणावर) जाड पांघरूण, हवेच्या दोन्ही तोंडांना फोमचे बोळे, आणि पंख्याच्या दोन्ही पात्यांना व स्पिनरला (पंख्याच्या मधल्या टोपीला) वेगळ्या खोळी. वॅटेज तेवढंच ठेवलं, फक्त उष्णता कोंडली. उणे १० च्या रात्रीनंतर सम्प ४८, हेड ३८ आणि ३५, पुढचा केस २७. या सगळ्या खटाटोपातला मला सर्वांत आनंद देणारा आकडा हा २७.

गरम हवेचा ब्लोअर वापरणाऱ्यांसाठी एक सांगते. घाईने दहा मिनिटं झोत मारला तर हेडचा काटा छान वर जातो, पण आतल्या गॅलऱ्यांमधलं (तेलाच्या वाटांमधलं) आणि होजमधलं तेल हललेलंही नसतं. अर्ध्या तासाच्या आत हे काम होत नाही, बेताच्या आचेवर जास्त वेळ दिलेला बरा. झोत होज, वायरिंग आणि काउलच्या फायबरवर थेट धरू नये.

जुन्या लोकांना हे सगळं ठाऊक होतं. उत्तरेच्या बर्फाळ मुलखात उडणारे वैमानिक मुक्कामाला उतरले की गरम असतानाच तेल डब्यात काढून घेत, सकाळी तापवून परत ओतत. इंजिनावर कॅनव्हासचा तंबू टाकून खाली स्टोव्ह पेटवत आणि आगीवर नजर ठेवायला एक माणूस तिथेच बसून राही. दुसऱ्या महायुद्धात इंजिन बंद करण्याआधी तेलात थोडं पेट्रोल सोडून ते पातळ करत. पुढच्या वेळी इंजिन तापलं की ते पेट्रोल उडून जाई. आपल्याला एक प्लग खोचायचा असतो, त्यामुळे कंटाळा करायला तोंडच नाही.

तेल आता १५डब्ल्यू-५० मल्टिग्रेड आहे, गारठ्यात कमी घट्ट होणारं. हिवाळ्यात सरळ शंभर ग्रेडवर राहण्याचं मला काही कारण दिसत नाही.

बॅटरी: उणे १८ च्या आसपास लेड-अ‍ॅसिड बॅटरीची ताकद निम्म्यावर येते आणि नेमकी तेव्हाच स्टार्टरला जास्त ताकद लागते. पूर्ण चार्ज असेल तर आतलं आम्ल उणे ५० लाही गोठत नाही, उतरलेल्या बॅटरीत ते शून्याखाली थोड्याच अंशांवर गोठू शकतं. आम्ही बॅटरी काढून उबदार खोलीत नेतो. अर्थिंगची पट्टी नवी घातली, जोड घासून स्वच्छ केले. क्रँकिंगचा वेग कानाला जाणवेल इतका वाढला.

प्रायमिंगवर मात्र थोडं थांबते. गारठ्यात अ‍ॅव्हगॅस (विमानाचं पेट्रोल) नीट उडत नाही. थेंब थेंबच राहतात, आणि थेंब ठिणगीने पेटत नाहीत, वाफ पेटते. म्हणून प्रायमर मारायचा तो जास्त इंधन ओतायला नाही, तर त्यातला उडणारा थोडासा भाग पुरेसा व्हावा यासाठी. या इंजिनात कार्बोरेटर सम्पच्या खाली आहे आणि इनटेकच्या नळ्या सम्पमधूनच जातात. तेल गरम असेल तर आत येणारं मिश्रण वाटेतच ऊब घेतं. नीट प्रीहीट केल्यापासून प्रायमरचे दट्टे निम्म्यावर आले ते यामुळे. मारून झाल्यावर काही सेकंद थांबते, वाफ होऊ देते, मगच स्टार्टर. नंतर प्रायमर दाबून लॉक झाला का ते बोटांनी तपासते. तो सुटा राहिला तर इंजिन त्यातून इंधन ओढत राहतं.

थ्रॉटल पंप करून इंजिन उठवायची सवय ज्यांना आहे त्यांनी ती थंडीत सोडावी. कार्बोरेटर खाली असल्यामुळे अ‍ॅक्सिलरेटर पंपाने फेकलेलं पेट्रोल वर जाण्याऐवजी एअरबॉक्समध्ये (कार्बोरेटरला हवा देणाऱ्या पेटीत) साचतं आणि एका बॅकफायरमध्ये पेटतं. तसं झालं तर स्टार्टर सोडायचा नाही, क्रँकिंग चालूच ठेवायचं म्हणजे ज्वाळा आत ओढल्या जातात. मिक्श्चर बंद, थ्रॉटल पूर्ण उघडा, इंधनाचा कॉक बंद. बाहेर अग्निशामक घेतलेला माणूस आमच्याकडे प्रत्येक थंड स्टार्टला उभा असतो.

इंजिन दोनदा धरून मरतं आणि मग अजिबात दाद देत नाही, हा अनुभव पुष्कळांचा असेल. ज्वलनातून पाण्याची वाफ तयार होते, ती गार स्पार्क प्लगवर बसते, गोठते आणि इलेक्ट्रोडमधली फट बुजवते. त्यानंतर कितीही क्रँक केलं तरी बॅटरी उतरण्यापलीकडे काही होत नाही. उपाय एकच, पुन्हा उष्णता. काळ्या धुराचा भपकारा आणि अधूनमधून एखादा ठोका येत असेल तर मात्र ते फ्लडिंग, म्हणजे आत जादा इंधन झालेलं, आहे, दोन्हींत गल्लत करू नये.

पंखा हाताने फिरवण्याबद्दल माझं मत स्पष्ट आहे. इंजिन आतपर्यंत तापलेलं असेल तर त्याची गरज उरत नाही. मॅग्नेटोची (बॅटरीशिवाय ठिणगी तयार करणाऱ्या यंत्राची) ग्राउंडची तार तुटलेली असेल तर स्विच बंद असूनही ठिणगी पडते, आणि मॅग्नेटोला स्प्रिंगचा झटका देणाऱ्या इम्पल्स कपलिंगमुळे अगदी हळू फिरवलं तरी ती जोरदार पडते. बंद करण्याआधी आयडलवर क्षणभर स्विच ऑफ करून इंजिन खरंच मरतंय का, हे आम्ही प्रत्येक वेळी पाहतो.

रोटॅक्स ९१२ हे हलक्या विमानांचं दुसरं इंजिन वापरणाऱ्यांसाठी दोन ओळी, कारण तिथली तऱ्हा निराळी. चोक ओढल्यावर थ्रॉटल पूर्ण मागे हवा, जरा उघडला तरी चोकचा परिणाम जातो. आणि क्रँकशाफ्ट मिनिटाला २२० फेऱ्यांच्या खाली फिरला तर ठिणगीच पडत नाही, त्यामुळे तिथे थकलेल्या बॅटरीला अजिबात माफी नाही.

इंजिन धरल्यावर १००० आरपीएमच्या आत ठेवते आणि नजर ऑइल प्रेशरवर. नेहमीच्या हवेत ३० सेकंद, फार थंडीत त्याच्या दुप्पट. तेवढ्यात काटा हलला नाही तर इंजिन बंद. पूर्ण प्रीहीटनंतर आता तो काही सेकंदांतच उठतो. थ्रॉटल पुढे सरकवल्यावर इंजिन अडखळत नाही आणि प्रेशर पडत नाही, तोवर टेकऑफ नाही. नुसतं जमिनीवर पंधरा मिनिटं चालवून बंद करणं मला पटत नाही. ज्वलनातलं पाणी तेलात जातं आणि ते उडून जाण्याइतकं तेल तापतच नाही. उडायचं नसेल तर इंजिनाला हात लावू नये.

राहिलेलं काम दोन जागी आहे. एक ब्रीदर, म्हणजे क्रँककेसमधली वाफ बाहेर सोडणारी नळी. क्रँककेसमधून येणारी ओलसर वाफ नळीच्या बाहेरच्या टोकाशी गोठते, नळी बंद होते, आत दाब वाढतो आणि पुढचा क्रँकशाफ्ट सील उडून तेल बाहेर पडतं. काउलच्या आत, उबेत राहील अशा जागी नळीला पर्यायी भोक असतं. आमचं आहे, पण उड्डाणात ते खरोखर उबेत राहतं का ते पाहायचंय. दुसरा ऑइल कूलर. तेल ८५ अंशांच्या जवळ जाईपर्यंत व्हर्नाथर्म (तापमानावर चालणारी झडप) त्याला कूलरमध्ये पूर्ण लोटत नाही, त्यामुळे बाकी सगळं गरम होतं तरी कूलरमधलं तेल थिजलेलं राहू शकतं. पाचवा थर्मोकपल तिथे लावते आहे, आणि कूलरसमोरची हिवाळी प्लेट लावून व काढून दोन्ही आकडे घेणार आहे. कुणी आधीच मोजले असतील तर बाहेरचं तापमान आणि प्लेटने किती भाग झाकला होता, हेही सोबत कळवावं.