मोटर भरण्याआधी मशीन दाखवा : आमची वाटचाल

2003 साली कोल्हापूरच्या उद्यमनगरात मोटरी भरायला, म्हणजे जळालेल्या कॉइल काढून नव्या गुंडाळायला, दहा बाय बाराचा गाळा भाड्यानं घेतला. मी आयटीआयचा इलेक्ट्रिशियन, धाकटा भाऊ कॉइल गुंडाळायला. पत्र्याच्या पिंपात दोनशे वॉटचे दोन बल्ब सोडलेले, व्हार्निश वाळवायची हीच आमची भट्टी. कामाला तोटा नव्हता. आजूबाजूला गाळ्यागाळ्यात लेथ (धातू कातायचं मशीन), फाउंड्रीचं कास्टिंग मशीनिंगला येणार आणि दिवसाआड कुणाची तरी मोटर जळणार.

तिसऱ्या वर्षी एका गिऱ्हाइकाची तीन एचपीची मोटर वर्षात तिसऱ्यांदा दारात आली. "तुमची तार हलकी हाय," तो सरळ म्हणाला. अशा मोटरला वीज तीन तारांतून, म्हणजे तीन फेजमधून, मिळते. खोलून बघितलं तर दोन फेजच्या कॉइल कोळसा आणि तिसऱ्या फेजच्या नव्यासारख्या तांबूस, चकचकीत. तार हलकी असती तर सगळंच काळं पडलं असतं. भरून दिली, पण म्हटलं, बसवताना मी येतो. "लेथ बघून काय करणार? वाइंडर का टर्नर तुम्ही?" तरी गेलो.

स्टार्टरच्या (मोटर चालू-बंद करायच्या पेटीच्या) वरच्या, वीज येते त्या बाजूला तिन्ही फेजमध्ये 415 व्होल्ट. रिकामी मोटर छान फिरली. मालकाच्या चेहऱ्यावर 'बघा' असं लिहिलेलं. म्हटलं, जाड कट घ्या, म्हणजे मोटरवर लोड येईल. अर्धा तास टाँग टेस्टर (तारेभोवती धरून करंट मोजायचं मीटर) धरून उभा होतो. दोन जॉब झाले, तिसऱ्याला आवाज बदलला, मोटर घूं-घूं करायला लागली. दोन तारांवर नऊ अँपिअरच्या आसपास, तिसरीवर शून्य. काँटॅक्टर (स्टार्टरमधला वीज जोडणारा-तोडणारा स्विच) खोलला, तर एका पॉइंटची चांदी खाऊन गेलेली. थंड असताना कसाबसा टेकायचा, तापला की सोडायचा. चालती मोटर अशा वेळी थांबत नाही, उरलेल्या दोन फेजवर ओढत राहते आणि आतून भाजते.

मग जास्त करंट गेला की मोटर बंद करणारा ओव्हरलोड रिले काय करत होता? मोटरच्या प्लेटवर पूर्ण लोडचा करंट 4.8 अँपिअर, रिलेची चकती फिरवून 10 वर ठेवलेली. "सारखा ट्रिप व्हायचा, म्हणून वाढवला." म्हणजे राखणदारच झोपवलेला. पॉइंट बदलले, चकती 4.8 वर आणली. खर्च वाइंडिंगच्या निम्म्यानंही नाही.

त्यानंतर ठरवलं, लेथची मोटर मशीन बघितल्याशिवाय भरायची नाही. भाऊ चिडला. "गिऱ्हाईक मोटर घेऊन दारात आलंय आन् तुम्ही त्याच्या दारात चाललाय!" त्याचंही चूक नव्हतं, चार-पाच महिने धंदा निम्म्यावर आला होता. पण फिरून फिरून जळालेलं वाइंडिंग वाचता यायला लागलं. सगळंच सारखं काळं असेल तर पट्टा अती ताणलेला, बेअरिंग जाम, नाहीतर झेपत नाही एवढा कट. एकाच ठिकाणी भोक पडलं असेल तर आत काहीतरी शिरलंय, कुलंटचं (कातताना थंड ठेवायचं) पाणी किंवा बिडाचा, म्हणजे ओतीव लोखंडाचा, काळा भुगा. हा भुगा आमच्या भागातला खास शत्रू. टर्मिनल बॉक्सचं झाकण हरवलेलं असतं, भुगा साचतो, वर ओल धरते आणि टर्मिनल टू टर्मिनल ठिणगी. चार आण्याच्या झाकणापायी!

ऑगस्ट 2019 च्या महापुरात टेम्पो भरभरून मोटरी आल्या, चिखलानं लिंपलेल्या. सगळ्या भरल्या असत्या तर पैसा चिक्कार झाला असता. आम्ही बहुतेक नुसत्या धुतल्या, भट्टीत वाळवल्या (तोवर खरी भट्टी आली होती), 500 व्होल्टच्या मेगरवर (इन्सुलेशन तपासायच्या मीटरवर) एक मेगओहमच्या वर आल्याशिवाय सोडल्या नाहीत. बेअरिंग मात्र सरसकट नवी.

आता आम्ही सहा जण आहोत. हल्ली लेथला व्हीएफडी (मोटरचा वेग कमी-जास्त करायचं उपकरण) बसवतात आणि दहा हर्ट्झवर, म्हणजे अगदी हळू, तासन्‌तास जॉब चालवतात. मोटरचा पंखा तिच्याच शाफ्टवर, तोही तितकाच हळू फिरतो, मग ती तापणारच. अशा ठिकाणी वेगळा पंखा लावून देतो.

'तार हलकी'वाला अजून येतो. गेल्या महिन्यात त्याचा फोन आला, "दोन फेज काळे, एक तांबडा. मोटर पाठवतोय, पण येताना काँटॅक्टरचे पॉइंट घेऊन या."